चौसष्ट घरांचा स्टुडिओ

पत्र : मी पुण्यातील एका महाविद्यालयात ११ वर्षे प्रॉडक्ट डिझाइन शिकवते. येत्या सत्रापासून आमच्याकडे सर्वसमावेशक डिझाइनचा, म्हणजे वय, शरीर वा परिस्थिती कशीही असली तरी शक्य तितक्या सर्वांना वापरता येतील अशा वस्तू आणि सोयी घडवण्याचा, १६ आठवड्यांचा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने सुरू होत आहे आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आली आहे. ६४ जणांनी नावे नोंदवली आहेत. ते गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत विखुरलेले आहेत, दोघी गोव्यात राहतात, एक जण मस्कतला नोकरी करतो. त्यांत एक पूर्णतः अंध विद्यार्थिनी आहे आणि एक जन्मतः कर्णबधिर विद्यार्थी आहे. निम्म्याहून अधिक जणांकडे केवळ मोबाइल आहे. टेबलाशी उभे राहून, हातात पेन्सिल घेऊन जे शिकवायचे, ते मी दुरून कसे शिकवू? अंध विद्यार्थिनीला रेखाटनाचे स्वाध्याय माफ करावेत का? आणि सहकारी म्हणतात त्याप्रमाणे हे सारे दुय्यम दर्जाचेच होणार असेल, तर मी ही जबाबदारी नाकारावी का?
– एक अध्यापिका, पुणे

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ही जबाबदारी नाकारू नका. सर्वसमावेशक डिझाइन दुरून शिकवणे ही तडजोड आहे, असे आपल्या सहकाऱ्यांना वाटते. मी स्वतः अनेक वर्षे दूरशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत आणि माझे मत असे बनले आहे, की निदान हा एक विषय तरी स्टुडिओपेक्षा दुरून अधिक चांगला शिकवता येतो. मात्र त्यासाठी स्टुडिओ जसाच्या तसा पडद्यावर नेण्याचा हट्ट सोडावा लागतो. पुण्यातील स्टुडिओत बसलेल्या वीस वर्षांच्या मुलांना आपण वृद्धांसाठी काही डिझाइन करायला सांगतो, तेव्हा त्या खोलीत एकही वृद्ध नसतो. मुलांना तो कल्पनेने उभा करावा लागतो आणि ही कल्पना बहुधा पाठ वाकलेल्या, काठी घेतलेल्या एका चित्रावर संपते. आपल्या गडचिरोलीच्या विद्यार्थ्याच्या घरात मात्र तो माणूस ओसरीवर बसलेला असतो, त्याला नाव असते, सवयी असतात, हट्ट असतात. ६४ विद्यार्थ्यांची ६४ घरे, त्यांतील आजी-आजोबा, बाळंतीण, हात मोडलेला भाऊ, शेजारचा अंध मुलगा, गावातील एसटीचा थांबा आणि रेशनचे दुकान हे आपले अध्ययनसाहित्य आहे, आणि ते एका खोलीत गोळा करणे कोणत्याही महाविद्यालयाला परवडणारे नाही.

डिझाइन दुरून शिकवता येते का, या प्रश्नाला प्रत्यक्ष कामातून उत्तर मिळूनही बरीच वर्षे लोटली आहेत. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली, १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले, आणि त्याच दशकात तेथे डिझाइनचे शिक्षण छापील पुस्तिका, टपाल आणि बीबीसीवरील कार्यक्रम यांच्या आधारे सुरू झाले. त्या विद्यापीठातील नायजेल क्रॉस यांनी १९७१ मध्ये मँचेस्टर येथे डिझाइनमधील लोकसहभाग या विषयावरील परिषदेचे नेतृत्व केले आणि १९८२ मध्ये असे मांडले, की विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्याप्रमाणेच डिझाइनलाही जाणून घेण्याची स्वतःची एक रीत आहे व सामान्य शिक्षणात तिला स्थान मिळाले पाहिजे. असा विचार दुरून शिकवणाऱ्या विद्यापीठातून पुढे यावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. स्टुडिओत शिक्षक बरेच काही न बोलता देतो. तो विद्यार्थ्याच्या हातातील पेन्सिल घेतो, एक रेघ बदलतो, आणि विद्यार्थी समजतो किंवा समजल्यासारखे दाखवतो. दुरून शिकवणाऱ्याला ती रेघ का बदलली हे शब्दांत मांडावे लागते, आणि मांडताना पुष्कळदा त्याच्या ध्यानात येते, की त्या बदलामागे कारण नव्हते, केवळ त्याची आवड होती. आपल्या ११ वर्षांच्या अनुभवातील किती गोष्टी अशा आवडीच्या आहेत आणि किती कारणांच्या, हे या १६ आठवड्यांची तयारी करताना आपल्याला स्पष्ट दिसेल. मला स्वतःला या कामाचा तोच सर्वांत मोठा लाभ झाला.

आता शिकवण्याविषयी. आरंभ व्याख्यांनी करू नका. रॉन मेस या अमेरिकी वास्तुरचनाकाराने, जो लहानपणी झालेल्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असे, युनिव्हर्सल डिझाइन, म्हणजे सर्वांना वापरता येईल असे डिझाइन, ही संज्ञा रूढ केली. त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या सात तत्त्वांची मांडणी १९९७ ची आहे. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील रॉजर कोलमन यांनी १९९४ मध्ये सर्वसमावेशक डिझाइनची बाजू मांडली. हे सारे विद्यार्थ्यांना कळायला हवे, परंतु चौथ्या-पाचव्या आठवड्यात, त्यांच्या हाती स्वतःचे काही निरीक्षण आल्यानंतर. आधी तत्त्वे दिली, की मुले घरात तत्त्वांची उदाहरणे शोधू लागतात आणि जे तत्त्वांत बसत नाही ते त्यांना दिसत नाही.

पहिल्या स्वाध्यायासाठी एकच वस्तू द्या आणि ती प्रत्येक घरात असेल अशी निवडा. मी पाण्याचा माठ देत आलो आहे. ज्यांच्याकडे माठ नाही त्यांनी पिण्याच्या पाण्याचे जे भांडे असेल ते घ्यावे. प्रश्न असा विचारतो : आपल्या घरातील कोणती व्यक्ती या भांड्यातून स्वतःच्या हाताने पाणी घेऊ शकत नाही, आणि तहान लागल्यावर ती काय करते? आठ दिवस पाहायचे, रोज चार ओळी लिहायच्या, उपाय मात्र सुचवायचा नाही. उपाय सुचवण्याची ही बंदी कसोशीने पाळायला लावा, कारण डिझाइनच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशीच उपाय सुचतो आणि तिसऱ्या दिवसापासून तो पाहायचे थांबवतो.

या साध्या प्रश्नातून काय हाती येते ते थोडे विस्ताराने सांगतो. माठावर झाकण, झाकणावर पालथा पेला, शेजारी लांब दांड्याचे ओगराळे. झाकण उचलायला एक हात, ओगराळे धरायला दुसरा, मग पेला कोणत्या हाताने धरायचा? दोन्ही हात मोकळे असलेला माणूस झाकण खाली ठेवून क्रमाने हे करतो आणि त्याला काही जाणवत नाही. कडेवर मूल असलेली सून, काठी टेकून उभा असलेला सासरा आणि हाताला प्लास्टर घातलेला मुलगा या तिघांची अडचण मात्र एकच असते, जरी पहिलीची घटकाभराची, तिसऱ्याची दीड महिन्याची आणि दुसऱ्याची जन्मभराची असली तरी. अपंगत्व माणसात असते त्याहून अधिक ते माणूस आणि वस्तू यांच्यातील मेळ न बसण्यात असते, हे सांगायला मला कधी व्याख्यान द्यावे लागले नाही. ते या तिघांनी शिकवले. मग माठाला तोटी बसवली, की प्रश्न सुटला असे वाटते. परंतु तो माठ फरशीवर असेल तर गुडघे दुखणाऱ्या आजीला वाकता येत नाही, ओट्यावर असेल तर पाच वर्षांच्या नातीचा हात पोहोचत नाही. फिरकीची तोटी संधिवाताने आखडलेल्या ओल्या बोटांना फिरत नाही, तीच दाबायची असेल तर कोपरानेही चालते. न दिसणाऱ्या माणसाला पेला भरल्याचे पाण्याच्या बदलत्या आवाजावरून किंवा कडेच्या आत टेकवलेल्या बोटावरून कळते, आणि हा आवाज स्टीलच्या पेल्यात स्पष्ट येतो, प्लास्टिकच्या पेल्यात तितका येत नाही. तोटी ठिबकत राहिली, तर खालची फरशी निसरडी होते आणि ज्या आजीसाठी तोटी बसवली तीच तेथे घसरते. लातूर जिल्ह्यातील माझ्या एका विद्यार्थिनीने सहाव्या दिवशी लिहिले होते, की आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. प्यायले तर रात्री अंगणापलीकडच्या संडासात जावे लागते आणि त्यासाठी कोणाला तरी उठवावे लागते. त्या दिवशी तिचा विषय माठावरून अंगणातील अंधाराकडे, उंबऱ्याकडे आणि संडासाच्या कडीकडे गेला. हे निरीक्षण ज्या घरात सापडायचे त्याच घरात सापडले; माझ्या वर्गात ते कधी आले नसते.

या टप्प्यावर दोन गोष्टी जरूर सांगा. अमेरिकेतील सॅम फार्बर यांनी संधिवात असलेल्या पत्नीला, बेट्सी यांना, साले काढण्याचे सोलाणे धरता येत नाही हे पाहिले आणि न्यूयॉर्कच्या डिझाइनर मंडळींकडून जाड, मऊ, पकड न सुटणाऱ्या मुठीची स्वयंपाकघरातील उपकरणे करून घेतली. ती १९९० मध्ये बाजारात आली आणि ज्यांना संधिवात नव्हता त्यांनीही ती घेतली, कारण ओल्या हाताला ती सर्वांच्याच सोयीची होती. दुसरी गोष्ट जयपूरची. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो कृत्रिम पाय घडवला, त्याचे मोठेपण त्याच्या कमी किमतीपुरते नाही. परदेशी पाय बूट घालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेला होता. तो लावून उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, अनवाणी चिखलात उतरता येत नसे. शेतावर जाणाऱ्या आणि जमिनीवर जेवायला बसणाऱ्या माणसाला तो पाय असून नसल्यासारखा होता. रबराचा जयपूर फूट या सर्व हालचाली होऊ देतो. आपल्या देशातील अभ्यासकांनी २०११ मध्ये युनिव्हर्सल डिझाइनची जी भारतीय तत्त्वे मांडली, त्यांची समान, सहज, सांस्कृतिक, सस्ता आणि सुंदर ही पाच हिंदी नावे आहेत. त्यांतील तिसरे आणि चौथे नाव का आले, ते या पायाकडे पाहिल्यावर कळते. मुलांच्या मनात किंमत आणि चालीरीती या गोष्टी डिझाइननंतर विचारात घ्यायच्या असतात, असे पक्के बसलेले असते. ते काढायला या पायाइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

स्वाध्याय लिहिताना एक सावधगिरी घ्या, जी मी एकदा घेतली नव्हती. मी सर्वांना जवळच्या बसथांब्याचे मोजमाप काढायला सांगितले होते : छप्पर किती उंच, बाक किती रुंद, फलकाची अक्षरे किती मोठी. सिंधुदुर्गातील एका विद्यार्थ्याने कळवले, की त्याच्या वाडीला थांबा म्हणजे आंब्याचे झाड आहे. बाक नाही, फलक नाही, आणि गाडी येते हे वळणावरच्या आवाजावरून कळते. माझ्या स्वाध्यायात शहर गृहीत धरलेले होते आणि त्यामुळे तो मुलगा आपल्याकडे मोजण्यासारखे काहीच नाही अशा समजुतीने पंधरा दिवस गप्प राहिला. त्यानंतर मी प्रश्न बदलला आणि गाडीची वाट पाहण्यापासून पहिली पायरी चढेपर्यंत काय घडते ते लिहायला सांगितले. आता त्याच्याकडे इतरांपेक्षा अधिक सांगण्यासारखे होते. आपला प्रत्येक स्वाध्याय पाठवण्यापूर्वी गडचिरोली, पणजी आणि मस्कत या तीन ठिकाणी तो करून पाहता येईल का, एवढे मनाशी तपासा.

आपण पत्रात विचारलेले नाही, परंतु अनेक जण या विषयात हमखास करतात म्हणून सांगतो : डोळ्यांवर पट्टी बांधून घरात वावरण्याचा स्वाध्याय देऊ नका. दूर, एकटा असलेला विद्यार्थी पडू शकतो, हे एक कारण. याहून महत्त्वाचे कारण असे, की दहा मिनिटांच्या पट्टीतून माणूस भीती शिकतो, अंध व्यक्तीने वर्षानुवर्षांत कमावलेले कौशल्य त्याला कळत नाही, आणि तो दयेपाशी थांबतो. पॅट्रिशिया मूर या अमेरिकी डिझाइनर तरुणीने १९७९ ते १९८२ या काळात वृद्धेचे रूप घेऊन गावोगावी वावरून पाहिले, परंतु तिने ते तीन वर्षे केले, लोक आपल्याशी कसे वागतात हे अनुभवण्यासाठी केले. पट्टीऐवजी विद्यार्थ्यांना नोटा हातात घ्यायला सांगा. १०० च्या नोटेवर उठावाचा त्रिकोण असतो, ५०० च्या नोटेवर वर्तुळ, आणि कडेला तिरप्या उठावाच्या रेषा असतात. नवी कोरी नोट आणि बाजारात फिरून मऊ पडलेली नोट यांवर त्या बोटाला किती लागतात ते पाहायचे, आणि मग गावातील एखाद्या अंध व्यक्तीला विचारायचे, की आपण नोट कशी ओळखता. ती व्यक्ती बहुधा लांबी-रुंदीविषयी, घडी घालण्याच्या स्वतःच्या पद्धतीविषयी, ओळखीच्या दुकानदाराविषयी किंवा रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलेल्या, मोबाइलच्या कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगणाऱ्या मणी या अॅपविषयी सांगेल. येथे ती व्यक्ती शिक्षक असते आणि विद्यार्थी शिकायला गेलेला असतो. ज्यांच्याकडून विद्यार्थी शिकतील त्यांची परवानगी घेणे, चेहऱ्याचे छायाचित्र न मागणे आणि शेवटी जे तयार होईल ते त्यांना नेऊन दाखवणे, या तीन गोष्टी स्वाध्यायाच्या मजकुरातच लिहा. विद्यार्थ्याच्या चांगुलपणावर सोडू नका. आजी स्वतःच्याच घरची असली तरी तिची परवानगी घ्यायचीच असते.

आता आपल्या अंध विद्यार्थिनीविषयी. तिला रेखाटन माफ करू नका. माफी दयेपोटी दिलेली असली, तरी तिचा अर्थ विद्यार्थिनीला नेमका कळतो : या कामाचा हा भाग आपल्यासाठी नाही. आधी आपण स्वतःला विचारा, की आपण रेखाटन का मागतो. माझ्या मते मनातील कल्पना मनाबाहेर यावी, तिच्यावर आपल्याला आणि दुसऱ्याला बोट ठेवता यावे, आणि ती बदलता यावी, एवढ्यासाठीच आपण ते मागतो. हे काम कागदावरच्या रेघेने होते, तसेच शाडूच्या मातीने, पुठ्ठ्याने, तारेने आणि दोऱ्यानेही होते. रबराच्या पाटीवर पातळ प्लास्टिकचा कागद ठेवून बॉलपेनने रेघ ओढली, की ती उठून येते आणि बोटाने वाचता येते. ही साधी सामग्री अंध मुलांच्या शाळांत भूमितीसाठी वापरली जाते. म्हणून स्वाध्यायात ‘रेखाटन करा’ असे न लिहिता ‘तीन वेगवेगळ्या कल्पना अशा रूपात मांडा, की दुसऱ्या माणसाला त्या हातात घेऊन किंवा पाहून प्रश्न विचारता येईल’ असे लिहा, आणि हे सर्व ६४ जणांसाठी लिहा. केवळ तिच्यासाठी वेगळी ओळ लिहू नका. माझ्या वर्गात ही मोकळीक दिली तेव्हा ज्यांना चित्र काढण्याची लाज वाटत असे, अशा कितीतरी डोळस विद्यार्थ्यांनी माती निवडली आणि त्यांचे काम सुधारले. याच कारणाने सुरुवातीला प्रत्येकाला टपालाने एक छोटे पाकीट पाठवा : राखाडी पुठ्ठा, बारीक तार, सॅण्डपेपरचा तुकडा, आणि एक मीटर लांबीची नाडी, जिच्यावर दर १० सेंटिमीटरला गाठ मारलेली असेल. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या घरी सूक्ष्मदर्शकासह प्रयोगाच्या पेट्या पाठवल्या होत्या. आपले पाकीट त्यामानाने स्वस्त आहे. गाठींची नाडी तिला मोजायला उपयोगी पडेलच, परंतु ज्याच्या घरात टेप नाही त्यालाही पडेल.

कर्णबधिर विद्यार्थ्याच्या बाबतीत एक गैरसमज पुष्कळ शिक्षकांत असतो, तो असा, की चित्रफितीखाली मराठी ओळी दिल्या म्हणजे काम झाले. त्या हव्यातच, आणि यंत्राने आपोआप उमटवलेल्या ओळी हाताने तपासूनच द्यायला हव्यात. परंतु जन्मतः ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची असते. मराठी त्यांनी नंतर, डोळ्यांनी, परकी भाषा शिकावी तशी शिकलेली असते. वाक्प्रचारांनी भरलेली लांबलचक सूचना त्यांना ओळींतही अडते. त्याला स्वतःलाच विचारा, की तो कशात सहज आहे. तो खुणांच्या भाषेत असेल, तर निदान संपर्कसत्रांना, म्हणजे आपण विद्यार्थ्यांशी थेट बोलता त्या तासांना, दुभाषा मिळवून देणे महाविद्यालयाचे काम आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा शिक्षणसंस्थांकडून विद्यार्थ्याच्या गरजेनुसार सोय करण्याची अपेक्षा ठेवतो. प्राचार्यांना पत्र लिहिताना त्या कायद्याचा उल्लेख करण्यास संकोचू नका. आणि उत्तरे देण्याची मुभा खुणांच्या चित्रफितीतूनही ठेवा.

तंत्राविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात शिकण्यासारखे थोडे आहे, पाळण्यासारखे अधिक. आपल्या महाविद्यालयातील जुन्या मराठी टिपणांपैकी बरीच युनिकोडपूर्व, म्हणजे देवनागरी अक्षरांना सर्व संगणकांवर समान संकेत मिळण्यापूर्वीच्या, फॉन्टमध्ये असतील. ती डोळ्यांना मराठी दिसतात, परंतु संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची निरर्थक माळ असते आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात ऐकवणारी संगणकप्रणाली, तीच वाचून दाखवतो. पानांची छायाचित्रे काढून केलेली पीडीएफ तर त्याला संपूर्ण कोरी वाटते. हे सर्व युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या; कंटाळवाणे काम आहे, पण त्यावाचून पुढचे काही शक्य नाही. प्रत्येक चित्राखाली त्यात काय आहे आणि ते का दिले आहे, हे दोन वाक्यांत लिहा. मोबाइलवर वाचणाऱ्यांसाठी एकाच रकान्यात, मोठ्या अक्षरात मजकूर द्या. तासाभराच्या व्याख्यानाऐवजी आठ-आठ मिनिटांचे ध्वनिमुद्रण द्या. बोलण्यासाठी पुरेशा दर्जाचे असे मुद्रण सुमारे २ एमबीत मावते आणि डोंगरातल्या गावीही उतरवून घेता येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, तो सुरू करण्याचे श्रेय दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांना जाते, आणि तो मराठी वाचतो. तो आपल्या संगणकावर घ्या, पडदा बंद करा आणि आपलाच पहिला पाठ एकदा ऐका. भारतीय हस्तकला आणि डिझाइन यांवरचे खुले साहित्य हवे असेल, तर मुंबई आयआयटीतील आयडीसी या डिझाइन विभागाने इतर संस्थांसह उभारलेल्या डीसोर्स या संकेतस्थळावर ते मुबलक आहे. व्याख्यानाचा पुष्कळ भार आपण त्यावर सोपवू शकता.

आपला खरा वेळ जाईल तो प्रतिसाद देण्यात, आणि तेथेच तो जायला हवा. हिशेब करून पाहा : एका विद्यार्थ्याच्या कामाला २० मिनिटे धरली, तर ६४ जणांसाठी २१ तासांहून अधिक लागतात. म्हणून १६ आठवड्यांत चारहून अधिक स्वाध्याय ठेवू नका आणि प्रत्येकाचे उत्तर दहा दिवसांच्या आत जाईल असे पाहा. त्यानंतर आलेला शेरा विद्यार्थी केवळ गुणांसाठी वाचतो. स्टुडिओत आपण ‘छान’ म्हणालात तरी आपल्या चेहऱ्यावरून विद्यार्थ्याला उरलेले कळते. लिहिलेल्या ‘छान’मधून काहीच कळत नाही. त्याच्या कामातील एक नेमकी जागा दाखवा, ती आपल्याला का थांबवते ते सांगा आणि एक असा प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर द्यायला त्याला पुन्हा त्या माणसाकडे जावे लागेल. हाच शेरा आवाजातून पाठवलात तर अधिक चांगले, कारण आवाजात आपुलकी ऐकू येते; कर्णबधिर विद्यार्थ्याला अर्थातच तो लिहून किंवा खुणांतून द्यावा. विद्यार्थ्यांना एकमेकांचे काम पाहता येईल अशी एक सामायिक जागा मात्र ठेवाच. ब्रिटनच्या त्याच विद्यापीठाने २०१० मध्ये सुरू केलेल्या डिझाइनच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आपल्या कामाची छायाचित्रे संगणकावरील सामायिक स्टुडिओत लावत आणि परस्परांना अभिप्राय देत. जे तेथे एक शब्दही लिहीत नाहीत, त्यांची चिंता करू नका. स्टुडिओतही मागच्या बाकावरून दुसऱ्याच्या कामावरची चर्चा नुसती ऐकत शिकणारी मुले असतातच.

गुण देण्याविषयी माझे ठाम मत आहे. संगणकावर काढलेल्या झगमगीत चित्रांना गुण दिलेत, तर आपण संगणकाला गुण दिलेत असे होईल, आणि तो कोणाकडे आहे हे आपल्याला नावनोंदणीच्या यादीवरूनच ठाऊक आहे. निम्मे गुण निरीक्षणाला ठेवा. उरलेले, पहिल्या नमुन्यात आणि शेवटच्या नमुन्यात काय बदलले आणि तो बदल कोणी सुचवला, याला ठेवा. ज्याचा पुठ्ठ्याचा नमुना वेडावाकडा आहे, परंतु जो तो घेऊन तीनदा आजीकडे गेला आणि तीनदा बदलून आला, त्याला मी नेहमी वरचे गुण दिले आहेत.

सत्र सुरू होण्यापूर्वी सर्वांना एक पत्र पाठवा. त्यात अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मागणी करू नका. एवढेच विचारा : वाचणे, ऐकणे, लिहिणे, हाताने काही करणे, वेळ काढणे आणि इंटरनेट मिळणे, यांपैकी आपल्याला कशात अडचण येते आणि त्यावर आपण आजवर काय युक्ती केली आहे? शेतीच्या हंगामात संध्याकाळी मोकळा नसणारा, तान्ह्या बाळामुळे रात्रीच अभ्यास करू शकणारी, लाल आणि हिरवा रंग वेगळा न ओळखणारा, असे कितीतरी जण या उत्तरांतून पुढे येतील, ज्यांची नावे कोणत्याही यादीत नसतात. अंध विद्यार्थिनीला मात्र पत्र धाडण्याआधी फोन करा आणि ते तिला ब्रेलमध्ये हवे, आवाजात हवे की फोनवर वाचता येईल अशा मजकुरात, ते विचारा. ब्रेल म्हणाली, तर पाठवायला संकोचू नका. अंधांसाठीच्या साहित्याला साध्या टपालाचे शुल्क पडत नाही.

आपला स्नेहांकित,
सल्लागार